डावीकडचा सल्लागार

१

सल्लागाराचं डोकं गेलं होतं. धड जागच्या जागी होतं, जोडलेले हात होते, जांभळ्या झग्याची चुणी न् चुणी शाबूत होती, आणि मानेच्या वर नुसतं भोक. त्या भोकातून खालची लाकडी फळी दिसत होती.

“चहासुद्धा घेऊ दिला नाहीत, भावोजी,” वहिनी म्हणाल्या.

वकिली सोडून वहिनींना बरीच वर्षं झाली होती. पण घरात कुणाचं काही हरवलं, फुटलं, बिनसलं, की अजूनही सगळे त्यांच्याकडेच धावत. यात त्यांचा मान होता असं लोक म्हणत. वहिनींच्या मते त्यात फक्त त्यांच्या गुडघ्यांचे हाल होते. शिवाय खरं कुणी बोलत नसे. कोर्टात निदान शपथ घेऊन खोटं बोलतात. घरातले तेवढीही तसदी घेत नाहीत.

कारखाना त्यांच्या धाकट्या दिराचा. रंगीत काचा कापायच्या, चितारायच्या, भट्टीत भाजायच्या आणि शिशाच्या पट्ट्यांनी एकमेकींना जोडून खिडक्या करायच्या, हा तिथला धंदा. गावातल्या प्रार्थनागृहासाठी ही खिडकी चालली होती. उद्या दुपारी तिथली माणसं ती न्यायला येणार होती. आज खिडकी तयार नाही म्हटलं तर काम दुसरीकडे जाणार होतं, आणि ते ‘दुसरीकडे’ म्हणजे कुठे हे सगळ्यांना ठाऊक होतं. मालकांचा एकुलता एक मुलगा वर्षापूर्वी बापाशी भांडून गेला आणि दोन गल्ल्या सोडून त्याने स्वतःचा कारखाना काढला. या घरात त्याचं नाव काढायची बंदी होती.

आणि खिडकीवर गोष्ट कुठली, तर नेमकी तीच. हिब्रू धर्मग्रंथातली. राजाचा मुलगा बापावर उलटतो आणि राजा अनवाणी, रडत डोंगर चढून पळतो. राजाचा सगळ्यांत शहाणा सल्लागार फितूर होऊन मुलाला मिळतो. दुसरा एक सल्लागारही मुलाच्या दरबारात जाऊन उभा राहतो, पण त्याला राजानेच गुपचूप पाठवलेलं असतं. शहाणा सांगतो, बाप थकलाय तोवर आत्ताच गाठा. दुसरा म्हणतो, घाई नको, आधी मोठी फौज जमवा. मुलगा दुसऱ्याचं ऐकतो, राजाला सावरायला वेळ मिळतो आणि मुलाचा खेळ आटोपतो. तो शहाणा घरी जातो, घरादाराची निरवानिरव करतो आणि गळफास लावून घेतो. खिडकीत मधोमध बळकावलेल्या सिंहासनावर मुलगा होता आणि दोन बाजूंना वाकून उभे असलेले हे दोघे सल्लागार.

बाकाभोवती चौघं उभे होते. मालक, ज्यांचे हात हल्ली कायम थरथरत. चितारी, म्हणजे चेहरे रंगवणारा, मालकांचा उजवा हात. जोडारी, म्हणजे शिशाचं काम करणारा, तीस वर्षांचा जुना माणूस, तोंडाने फटकळ. आणि सूनबाई. नवरा निघून गेला तरी ती लेकराला घेऊन सासऱ्याकडेच राहिली होती आणि भट्टी सांभाळत होती.

“फितुराचं डोकं गेलं,” चितारी हळहळून म्हणाला. “डावीकडचं. सगळ्यांत जास्त मेहनत त्याच्यावर घेतली होती हो मी!”

भिंतीवर खिडकीचं रंगीत चित्र लावलेलं होतं. त्यात फितूर सिंहासनाच्या डावीकडे होता, आणि बाकावरच्या खिडकीत भोकही डावीकडेच होतं. बाकी काचेवरून काही कळण्यासारखं नव्हतं. मागून उजेड नसला की रंगीत काच काळीठिक्कर दिसते; राजा कोण, प्रधान कोण, काही समजत नाही.

“उभी करा,” मालक म्हणाले.

जोडाऱ्याने फळीसकट खिडकी उभी केली, फळी बाजूला सारली, खिडकी वळवली आणि उजेडात धरली. जांभळा, हिरवा, मधासारखा पिवळा रंग खोलीभर सांडला. आणि चितारी आ वासून बघतच राहिला. फितूर जागेवर होता. डोकं गेलं होतं ते इमानी सल्लागाराचं.

सगळे त्या भोकाकडे बघत होते. एक सूनबाई सोडून. इतका वेळ ती शांत उभी होती. आता ती पांढरीफटक पडली होती आणि तिचे डोळे शाबूत राहिलेल्या तोंडावर खिळले होते.

“हे कुणाचं काम ते मला कळत नाही असं समजू नका,” मालक जोडाऱ्याकडे बघून म्हणाले. “वहिनी, तुम्ही चौकशी करा. उगाच कुणी म्हणायला नको की मी न्याय केला नाही. पण दिवेलागणीपर्यंत दुसरं नाव निघालं नाही, तर हा माणूस या उंबऱ्याच्या आत पुन्हा दिसणार नाही.”

वहिनी काही बोलणार होत्या. पण तेवढ्यात त्यांनीही फितुराच्या तोंडाकडे नीट पाहिलं. मोडून बसलेलं नाक, एका भुवईला पडलेली खाच, खालचा ओठ चावायची सवय. मग त्यांनी खिडकी धरून उभ्या असलेल्या माणसाकडे पाहिलं.

काचेतला फितूर आणि जोडारी, दोघांचं तोंड एकच होतं.

२

“मीच सांगितलं तसं काढायला,” मालक म्हणाले. ऑफिसच्या खोलीत ते खुर्चीत बसले होते, पण बसल्यासारखे वाटत नव्हते. “फितुराला फितुराचं तोंड. त्यात काय चुकलं?”

“तो फितूर आहे हे कुणी सांगितलं?”

“तो तिकडे जातो, वहिनी. त्याच्या कारखान्यात. तीस वर्षं माझं मीठ खाल्लं आणि आता तिकडे जाऊन बसतो. कशाला जात असेल? माझे भाव सांगायला, माझी गिऱ्हाइकं सांगायला.”

“विचारलंत का त्याला?”

“विचारायचं काय त्यात?”

वहिनींनी कपाळावर हात मारून घ्यायचा मोह आवरला. हे घराणंच असं होतं. यांचा थोरला भाऊ, म्हणजे वहिनींचे यजमान, तेही असेच गेले. डॉक्टरला एक प्रश्न विचारला नाही.

“आणि स्वतःचं तोंड तो स्वतःच्या हाताने शिशात बसवत होता, हे तुम्ही रोज बघत होतात?”

मालक खिडकीबाहेर बघू लागले. “त्याने काही म्हटलं नाही,” ते म्हणाले.

चितारी मात्र बोलका. बसायला खुर्ची, पाठीला उशी, प्यायला पाणी. वहिनींना अशी माणसं साक्षीदार म्हणून कधीच आवडली नव्हती. खरं बोलणाऱ्याला एवढी सरबराई करायची गरज नसते.

“मी काही चुगली केली नाही हं वहिनी. मालकांच्या अन्नाला जागलो, इतकंच. मी या डोळ्यांनी पाहिलं ना! जोडारी तिकडच्या नव्या भट्टीजवळ स्टुलावर बसलेला, पाय वर घेऊन, अगदी घरच्यासारखा. भट्टीच्या दारावरचा निळा रंगसुद्धा अजून वाळला नव्हता. आणि हा तिथे गप्पा छाटतोय.”

“काल संध्याकाळी तुम्ही कुठे होतात?”

“दुपारीच प्रार्थनागृहात गेलो. खिडकीवर उजेड कुठून पडतो ते बघायला. तिथून परस्पर घरी.”

“आणि हे गेलेलं तोंड, इमानी सल्लागाराचं, ते कुणावरून काढलं होतं?”

चितारी लाजला. खरोखरच लाजला. “आता काय सांगू! मालकच म्हणाले, दुसरं कुणाचं काढणार, तुझंच काढ. मग आरशात बघून काढलं. म्हणून तर माझा संशय... आपलं तोंड फितुराला लावलं याचा सूड जोडाऱ्याने माझ्या तोंडावर काढला, दुसरं काय!”

ऐकायला हे बरोबर वाटत होतं. वहिनींना त्याचाच राग आला. बाकाकडे परत जाताना गुडघा ठणकत होता आणि डोक्यात काहीतरी टोचत होतं. चितारी काहीतरी चुकीचं बोलला होता, पण काय ते सापडेना.

भट्टीच्या खोलीत सूनबाई एका फडताळासमोर उभी होती. हातात फिकट गव्हाळ रंगाच्या काचेचा एक तुकडा.

“कातडीच्या रंगाची एवढीच उरलीय, काकू,” ती वर न बघता म्हणाली. “एक चेहरा होईल. आज रंगवला तर रात्रीत भाजून होतो. सकाळी बसवता येईल.”

“कोण रंगवणार ते नंतर बघू. काल तू किती वाजता गेलीस इथून?”

“पोराला ताप होता. भट्टी बंद केली आणि वर गेले. जोडारीकाका अजून काम करत होते.”

“पुन्हा खाली आली नाहीस?”

काचेचा तुकडा तिने फडताळात ठेवला, मग उचलला, मग पुन्हा ठेवला. “काकू, जोडारीकाकांना काढू देऊ नका. तुमच्या पाया पडते.”

“मग सांग ना काय ते!”

सूनबाईने ओठ घट्ट मिटले. त्यानंतर वहिनींनी रागावून पाहिलं, गोंजारून पाहिलं, शेवटी तिच्या मेलेल्या आईची आठवणही काढून पाहिली. भिंतीशी बोलल्या असत्या तर भिंतीने निदान पोपडा तरी टाकला असता.

आणि मागून जोडाऱ्याचा आवाज आला. “तिला कशाला छळताय? डोकं मीच काढलं.”

३

वहिनींनी त्याला बाकापाशी नेलं. खिडकी पुन्हा फळीवर आडवी पडली होती. “आता बोला.”

“बोलायचं काय? माझं तोंड फितुराला लावलं. राग आला. काढून टाकावं म्हटलं.”

“पण तुमचं तोंड तर आहे तिथेच. गेलं ते चिताऱ्याचं.”

“चुकलं.” जोडाऱ्याने खांदे उडवले. “संध्याकाळची वेळ, अंधार, काच काळी. डावीकडचं म्हणून काढायला गेलो, निघालं भलतंच.”

“आणि त्या तोंडाचं काय केलंत?”

“फुटलं. टाकलं.”

“कुठे?”

“आठवत नाही.”

“तिकडे कशाला जाता? मालकांच्या मुलाकडे?”

यावर त्याने तोंडच फिरवलं. वहिनींना वाटलं, या माणसाला दोन्ही खांद्यांना धरून गदागदा हलवावं. स्वतःच्या गळ्यात स्वतः दोर अडकवून वर गाठ घट्ट आहे का ते तपासणारा असा अशील त्यांनी सबंध वकिलीत पाहिला नव्हता. आरोप कबूल, शिक्षा कबूल, फक्त कारण सांगायला नकार.

रागारागात त्या खिडकीकडे बघत राहिल्या. शिशाच्या पट्ट्या जिथे जिथे एकमेकींना भेटत होत्या तिथे त्या नुसत्या टेकलेल्या होत्या. त्यांनी बोट फिरवलं. “सकाळी उभी केलीत तेव्हा मला या सांध्यांवर कथलाचे चकचकीत ठिपके दिसले होते. आता कुठे गेले?”

“ते खालच्या अंगाला आहेत. एक बाजू आधी कथलाने पक्की करायची, मग उलटवायची आणि दुसरी करायची. काल पहिली बाजू झाली. उलटवून ठेवली आणि निघालो. आज दुसरी करणार होतो.”

“उलटवली तेव्हा कोण होतं इथे?”

“कुणी नाही. मी एकटाच.”

“सूनबाई?”

“ती केव्हाच वर गेली होती.”

“कुणाला सांगितलंत?”

“त्यात सांगायचं काय? रोजचं काम आहे.”

वहिनी स्टुलावर बसल्या. त्यांनी भिंतीवरचं चित्र पाहिलं, मग बाकावरची उलटी खिडकी, मग पुन्हा चित्र. जोडाऱ्याने हातातली सुरी उगाच पुसली आणि ठेवली. त्याला कळलं होतं की तो नको ते बोलून बसला आहे.

“जोडारीबुवा,” वहिनी हळू आवाजात म्हणाल्या, “तुम्ही खोटं बोलता ते मला मघापासून कळत होतं. पण कुणासाठी बोलता ते आत्ता कळलं.”

“वहिनी, हात जोडतो. सोडा हा विषय. मी जातो ना निघून!”

“सगळ्यांना बोलवा,” वहिनी म्हणाल्या. “आणि माझा चहा.”

४

ऊन उतरलं होतं. मालक बाकाच्या एका टोकाला, चितारी त्यांच्या मागे, सूनबाई भट्टीच्या दारात. जोडाऱ्याने आपली शिसं कापायची सुरी, हातोडी आणि चामड्याचा पट्टा बाकावर नीट मांडून ठेवला होता. जायची तयारी.

“डोकं जोडाऱ्याने काढलेलं नाही,” वहिनींनी सुरुवात केली.

“त्याने स्वतः कबूल...”

“भावोजी, जन्मात एकदा दुसऱ्याचं पूर्ण ऐका. ज्याने हे केलं त्याला डावीकडचं डोकं काढायचं होतं. म्हणजे फितुराचं. भिंतीवरच्या चित्रात फितूर डावीकडे आहे, म्हणून बाकावरचं डावीकडचं काढलं. पण खिडकी उलटवलेली होती. उलटवली की डावं ते उजवं होतं, आणि दोन्ही बाजूंना तसेच वाकलेले सल्लागार, काच काळी, त्यामुळे फरक कळायला मार्ग नाही. सकाळी चिताऱ्यालासुद्धा कळला नाही; तो म्हणाला, फितुराचं गेलं. ही चूक कोण करणार नाही? ज्याने खिडकी स्वतःच्या हाताने उलटवली तो. म्हणजे जोडारी.”

“आता ही चूक करू शकणारे उरले तिघं. तुम्ही, चितारी आणि सूनबाई. तुम्हाला ते तोंड नको असतं तर तुम्ही नुसतं म्हणाला असतात, बदला. चिताऱ्याला ते काढायचं कारणच नाही. त्याने जीव ओतून रंगवलं होतं.” वहिनींनी चहाचा घोट घेतला. तो निवला होता. “सकाळी खिडकी उजेडात धरली तेव्हा आपण सगळ्यांनी गेलेल्या डोक्याकडे पाहिलं. एकीने मात्र राहिलेल्या डोक्याकडे पाहिलं. कारण ते तिथे नसायला हवं होतं.”

सूनबाई पुढे आली. तिने पदराखालून एक घडी घातलेलं फडकं काढलं आणि बाकावर उलगडलं. चिताऱ्याच्या तोंडाचे तुकडे होते. एका तुकड्यावर अर्धं स्मित शिल्लक होतं.

“भाजायला आलं तेव्हाच मी ओळखलं होतं,” ती म्हणाली. “जोडारीकाकांचं तोंड. उद्यापासून शंभर वर्षं लोक त्या भिंतीकडे बघून म्हणणार, हा बघा फितूर. आणि तेही कुणामुळे? माझ्यामुळे. मीच पाठवत होते त्यांना तिकडे. पोराची खुशाली कळवायला. घरी या म्हणून सांगायला. माझी भट्टी, माझ्या हाती नुसता एकेक सुटा तुकडा येतो. खिडकी उलटवतात हे मला कुठे ठाऊक! काढताना फुटलं, वरून पोर रडायला लागलं, फडक्यात गुंडाळून पळाले. सकाळी कळलं काय झालं ते. बोलणारच होते, पण काकांनी डोळ्यांनी दटावलं.”

“मग बोलली का नाहीस?” मालक ओरडले.

“कशी बोलणार? ज्याचं नाव काढलं तर घराबाहेर हो म्हणालात, त्याच्याबद्दल कशी बोलणार, मामंजी?”

चितारी घसा खाकरून म्हणाला, “झालं ते झालं. मी आत्ता बसतो आणि पुन्हा रंगवून देतो. आपल्या मालकांसाठी...”

“थांबा,” वहिनी म्हणाल्या. मघापासून टोचत होतं ते त्यांना आता सापडलं होतं. “सूनबाई, तिकडची नवी भट्टी कुठे आहे?”

“अगदी आत. तीन खोल्या ओलांडून. काकांनी सांगितलं होतं.”

“रस्त्यावरून दिसते?”

“छे.”

“मग चितारीबुवा, भट्टीच्या दारावरचा निळा रंग वाळलेला नाही हे तुम्ही ‘या डोळ्यांनी’ कुठून पाहिलंत? तुम्ही आतच होतात. जोडारी स्टुलावर होता, तुम्ही कशावर बसला होतात?”

चिताऱ्याने मालकांकडे पाहिलं, मग दाराकडे.

“खुर्चीवर,” जोडारी म्हणाला. “त्याला खुर्ची दिली होती. पुढल्या महिन्यापासून तिकडे रुजू होतोय, पगारही ठरलाय. मी म्हटलं, ज्याचं त्याने सांगावं.”

“व्यवहार आहे हा,” चितारी म्हणाला. त्याच्या आवाजातला मध आटला होता. “हात थरथरणाऱ्या माणसाच्या भरवशावर मी किती दिवस काढायचे?” त्याने आपले कुंचले गोळा केले. जाताना फडक्यातल्या स्वतःच्या तोंडाकडे त्याने वळूनही पाहिलं नाही.

मालकांनी ते फडकं तुकड्यांवर पुन्हा मिटलं. मग म्हणाले, “गोष्टीत नव्हतं हो असं.”

“असंच होतं!” वहिनींचा बांध फुटला. “ती गोष्ट खिडकीवर घालताना तुम्ही वाचली तरी होतीत का? इमानी सल्लागार उभा कुठे होता? मुलाच्या दरबारात! शत्रूच्या घरात जाऊन बसलेला माणूस इमानी निघतो, हीच तर गोष्ट आहे. आणि तो शहाणा फितूर झाला तो उगाच नाही. दोन ठिकाणची नावं जुळवून जाणकार सांगतात की ज्या बाईचा संसार राजाने मोडला, ती या शहाण्याचीच नात होती. राजाने आधी घर मोडलं, मग माणसं फिरली. तुम्ही स्वतःच्या सुनेचा संसार मोडलात, आणि फितूर शोधायला वकील लावलात मला!”

मालकांनी हात पुढे केला. “सूनबाई, तो काचेचा तुकडा आण. जुने कुंचले माझ्या कपाटात आहेत.”

५

मालक किती वर्षांनी रंगवायला बसले होते कोण जाणे. उजव्या हाताला डाव्या हाताचा आधार देऊन ते रेघ ओढत होते. समोर स्टुलावर जोडारी बसला होता, कारण मालकांनी त्याला फक्त एवढंच म्हटलं होतं, “बस समोर.” माफी वगैरे मागितली नाही. वहिनी वाट बघून बघून थकल्या.

“दुसरंही बदला की,” त्या म्हणाल्या. “फितुराचं.”

“काच नाही,” सूनबाई म्हणाली.

“आणि काच असती तरी नको,” जोडारी म्हणाला. “एक भोक आहे तेवढं बुजवू. दुसरं पाडायला गेलो तर उद्या मालकांच्या हाती नुसत्या पट्ट्या राहतील.”

मालकांचा कुंचला थांबला. “तो यायचं म्हणतो का रे?” त्यांनी विचारलं. नाव घेतलं नाही. पण वर्षभरात पहिल्यांदाच विचारलं.

जोडाऱ्याने खालचा ओठ चावला. “आधी एक ऐका. ही खिडकी खरं म्हणजे त्याला मिळायची. त्याचे भाव तयार होते, तुमच्यापेक्षा कमी. मला म्हणाला, काका, उद्याच देऊन टाकू का? मी म्हटलं, घाई करू नको. आधी माणसं जमव, भट्टी नीट लागू दे, मोठं काम घे. त्याने ऐकलं माझं. तोवर तुम्ही काम घेतलंत. सुनेने मला त्याला घरी आणायला पाठवलं होतं. आणि मी त्याच्या ताटातला घास काढून तुमच्या ताटात वाढला. पोराने विश्वास टाकला होता माझ्यावर.”

सूनबाई त्याच्याकडे बघतच राहिली. हे तिलाही ठाऊक नव्हतं.

“रंगवा,” जोडारी म्हणाला. “उजेड जातोय.”

दुसऱ्या दिवशी दुपारी प्रार्थनागृहाची माणसं आली. खिडकी दारासमोर उन्हात उभी केली होती. इमानी सल्लागाराच्या गालावरची एक रेघ थरथरली होती, पण चेहरा जिवंत होता. त्यांच्यातल्या एका बाईंनी ती बराच वेळ पाहिली.

“दोघांचा चेहरा एकच आहे,” त्या म्हणाल्या. “हे मुद्दाम केलंय का? यातला इमानी कोणता आणि फितूर कोणता ते ओळखायचं कसं?”

वहिनी उत्तर द्यायला पुढे झाल्या, आणि थांबल्या.

“ते कोण विचारतंय त्यावर आहे, बाई,” जोडारी म्हणाला. “बाप विचारत असला तर उजवीकडचा. मुलाने विचारलं, तर त्याला डावीकडचा दाखवा.”

मग त्याने खिडकीखाली खांदा दिला आणि ती उचलायला मालकांना हाक मारली.